जास्मिनचा गळा

मनिलाच्या लिया सलोंगा हिने १९८९ साली लंडनच्या रंगभूमीवर 'मिस सायगॉन' गाजवले. १९९१ साली याच भूमिकेसाठी तिला टोनी पुरस्कार मिळाला. डिस्नेच्या 'अलादीन' (१९९२) या व्यंगचित्रपटात शहजादी जास्मिन बोलते लिंडा लार्किनच्या आवाजात, गाते मात्र लियाच्या. या चित्रपटाच्या पहिल्याच गाण्यात अरबभूमीला क्रूर ठरवले होते. अरब-अमेरिकनांच्या निषेधानंतर १९९३ साली काही शब्द बदलले. 'रानटी' हे विशेषण राहिलेच. साचेबंद चितारलेल्या जास्मिनला माणूसपण दिले ते लियाच्या सुरांनी, असे आम्हांला वाटते. रंगभूमीवर कमावलेली भावनेची जाण त्यांत आहे. चित्रपटाचा निषेध करतानाही त्या गळ्याला दाद द्यावी लागते. तरी सल उरतोच: अरब शहजादीच्या या दोन आवाजांत एकही अरब नव्हता.