‘देवाचा दरबार’ आणि पाळकाच्या निर्वाहाचा प्रश्न

ख्रिस्ती पाळकापुढील आजच्या आव्हानांची चर्चा करताना रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे उदाहरण मूलगामी ठरते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा केली. परंतु १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. भजन-कीर्तन स्वदेशी आणि वेतन परदेशी, ही विसंगती या निर्णयाने दूर झाली.

मराठी समीक्षेने टिळकांचे कवित्व आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तील विनोद यांचा यथार्थ गौरव केला. मात्र त्या संसारातील ओढाताण ही धर्मसेवेच्या अर्थकारणाची साक्ष आहे, याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. त्यागाची किंमत घर चालविणाऱ्या स्त्रीनेही मोजली.

या प्रयोगाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. दरबार टिळकांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता. त्यांच्या पश्चात तो फार काळ टिकला नाही. वाळूज औद्योगिक वसाहतीलगतच्या बजाजनगरसारख्या कामगारवस्तीत पाळकाने कोणाच्या आधारावर उभे राहावे, हा प्रश्न म्हणूनच शिल्लक राहतो. पाळकाच्या त्यागाचे गुणगान करण्यापूर्वी मंडळीने त्याच्या निर्वाहाची जबाबदारी सामूहिकपणे स्वीकारणे, हेच टिळकांच्या प्रयोगाचे अपुरे राहिलेले कार्य होय.