तोल आणि वेग : मोटारसायकलींच्या व्हिडिओ गेम्सचा विचार

मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यतींत वेगाची ओढ सारखीच असली, तरी चालकाच्या देहाचे स्थान दोहोंत सर्वस्वी भिन्न असते. कारण मोटारीत बसलेला मनुष्य यंत्राला केवळ हुकूम सोडतो, तर मोटारसायकलस्वार हा त्या यंत्राचाच एक चल भाग असून त्याने अंग कलविल्यावाचून वेगातले वळण साधत नाही, आणि पुढचा ब्रेक अंमळ जोराने दाबला की सारा भार पुढील चाकावर लोटला जातो. हा तोल हाच या गेम्सचा खरा विषय होय, आणि या कलेने आजवर काय कमावले याचा फैसला याच कसोटीवर व्हावयास हवा, असे माझे मत आहे.

सेगा कंपनीसाठी यू सुझुकी यांनी १९८५ साली सिद्ध केलेल्या ‘हँग-ऑन’मध्ये ही बाब प्रारंभीच ओळखली गेली होती. खेळणाऱ्याने मोटारसायकलीच्या प्रतिकृतीवर स्वार व्हावे, देह डावी-उजवीकडे झुकवावा आणि त्यासरशी पडद्यावरील गाडी वळावी, अशी त्यात तजवीज होती. पुढे हे गेम आर्केडमधून घरोघर आले, तेव्हा ती प्रतिकृती मागे राहिली आणि सबंध देहाचे काम अंगठ्याने हलवावयाच्या एका इवल्याशा दांडीवर येऊन पडले. मोटारींच्या गेमसाठी स्टिअरिंग घरी आणता आले; दुचाकीला तसे साधन बाजारात कधी रुळलेच नाही.

मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंत वाढलेल्या पिढीला ‘रोड रॅश’ आठवेल. १९९१ साली प्रथम आलेल्या या गेमची लोकप्रियता साखळीच्या आणि दंडुक्याच्या मारामारीवर उभी होती. परंतु आपटलेला स्वार उठून धावत आपल्या गाडीपाशी परत जातो, ही त्यातील कल्पना मला आजही अस्सल वाटते, कारण स्वार आणि यंत्र या दोन वस्तू आहेत याची जाणीव तेथे घडते.

तोलाची खरी साधना मात्र कसरतींच्या गेम्सनी केली. १९७६ च्या अटारीच्या ‘स्टंट सायकल’मध्ये ओळीने उभ्या केलेल्या बसगाड्यांवरून उडी मारावयाची, एवढाच व्यवहार होता. हंगेरीत घडलेल्या ‘एलास्टो मेनिया’ने २००० साली त्याच्या कितीतरी पुढे मजल मारली. साध्या रेषांनी रेखलेल्या त्या जगात सफरचंदे वेचून फुलापर्यंत पोहोचावयाचे, स्वाराचे डोके कोठेही टेकू द्यावयाचे नाही, आणि लवचीक आधारांवर डोलणारी ती दोन चाके गाडी हवेत असतानाच फिरवून नेमक्या कोनात जमिनीवर उतरवावयाची, एवढ्यातून जी कठीणता निर्माण होते, ती चित्रांच्या वैभवाने कधी निर्माण झाली नसती. हेलसिंकीच्या रेडलिंक्सने २००९ च्या ‘ट्रायल्स एचडी’त हाच विचार परिपक्व केला. गाडी एकाच प्रतलात पुढे-मागे जाते, स्वाराचे अंग पुढे वा मागे कलविणे हे खेळणाऱ्याच्या हाती असते, आणि पडल्यावर एक बटन दाबताच मागील टप्प्यावरून पुन्हा आरंभ करता येतो. त्यामुळे उभ्या चढणीवर पुढचे चाक का उचलले गेले, याचे उत्तर खेळणारा स्वतःच्या बोटांनी शोधतो. वळणांचा हव्यास सोडल्यामुळेच या गेमला भार हाती लागला.

शर्यतींकडे परत वळावयाचे, तर मिलान येथील माइलस्टोन कंपनी २०१३ पासून दरवर्षी ‘मोटोजीपी’ या जागतिक शर्यतमालिकेवरील गेमची नवी आवृत्ती काढते. तीत सर्किटांचा तपशील चोख असतो आणि नवख्यांसाठी दोन्ही ब्रेक एकत्र चालविण्याची वा खेळ मागे नेऊन झालेली चूक सुधारण्याची मुभाही असते; पण एवढ्या मातब्बर साधनांच्या मानाने तोलाच्या प्रश्नात वर्षागणिक पडणारी भर मला अपुरी वाटते. फ्रान्समध्ये घडलेला ‘टीटी आयल ऑफ मॅन’ (२०१८) मला त्याहून मोलाचा वाटतो. त्यातील, त्याच नावाच्या बेटावरील शर्यतीचा सुमारे ६० किलोमीटरांचा सार्वजनिक रस्ता गावांतून आणि दगडी भिंतींच्या कडेने जातो, आणि वाटेतील बॅलाफच्या पुलावर गाडीची चाके जमीन सोडतात. पुलापूर्वीच वेग आवरून गाडी सरळ केली नसेल तर ती उतरताना हातची जाते, आणि माइलस्टोनच्या सर्किटांवर चुकीला माफ करणारी जी मोकळी जागा दुतर्फा असते, ती येथे नाही.