शंभरपैकी शंभर बंद, पण कोणासाठी?

पीएचडीला अर्ज करणारे ज्युनिअर्स अधूनमधून मला सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला पाठवतात. विषय कोविडचा असेल तर एक वाक्य हमखास असतं : ‘निर्बंधांची तीव्रता मोजण्यासाठी ऑक्सफर्डचा स्ट्रिंजन्सी इंडेक्स वापरला जाईल.’ आणि पूर्णविराम. फाईल फुकट मिळते, रोजचा एक आकडा मिळतो, रिग्रेशनमध्ये टाकला की झालं. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मीही हेच केलं होतं, त्यामुळे ही तक्रार थोडी स्वतःबद्दलचीही आहे.

आधी इंडेक्स काय मोजतो ते बघू. शाळा, कामाची ठिकाणं, सार्वजनिक कार्यक्रम, जमाव, सार्वजनिक वाहतूक, घरात थांबण्याचा आदेश, देशांतर्गत प्रवास, आंतरराष्ट्रीय प्रवास असे बंदीचे आठ निकष, आणि नववा जनजागृती मोहिमेचा. प्रत्येकाला गुण द्यायचे आणि सरळ सरासरी काढायची. ० ते १००. वजन सगळ्यांना सारखं. सरकारी आदेश आणि बातम्या वाचून स्वयंसेवकांनी १८० हून जास्त देशांची ही नोंद ठेवली, तीही साथ चालू असताना. हे काम सोपं नव्हतं. शिवाय हा आकडा धोरण किती कडक ते सांगतो, ते योग्य होतं का किंवा लागू पडलं का हे सांगत नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आपण ती ओळ वाचत नाही, हा दोष आपला.

२५ मार्च २०२० ला भारताचा आकडा १०० झाला. त्या दिवशी गुढीपाडवा होता.

आमची वारूळवाडी नारायणगावला इतकी खेटून आहे की बाहेरच्या माणसाला हद्द कुठे ते कळत नाही. आणि नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपारी ठरवतात. फड दसऱ्याला बाहेर पडत असला तरी वर्षाची खरी कमाई चैत्र-वैशाखाच्या यात्रांमध्ये होते. कलावंतांना दिलेली उचल त्यातूनच वळती होते. आता पुढचं वेळापत्रक बघा. २०२० चा पाडवा : देशव्यापी लॉकडाऊनचा पहिला दिवस. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला : त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून संचारबंदी जाहीर केली. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला : राज्यातले निर्बंध आदल्या दिवशी उठले. म्हणजे दोन हंगाम पूर्ण गेले, आणि मधल्या काळात कितीही शिथिलता आली तरी ते परत येणार नव्हते.

हेच इंडेक्सला दिसत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक दिवस सारखाच. आषाढ-श्रावणात आकडा १०० असता तर पावसामुळे घरी बसलेल्या फडाचं फारसं बिघडलं नसतं. चैत्रात ६० असला, पण त्यात ‘सार्वजनिक कार्यक्रम’ हा एकच निकष पूर्ण बंद असला, तरी फड संपला. तुम्ही वर्षाची सरासरी काढता तेव्हा नेमका हाच फरक पुसून टाकता.

त्याच गावात टोमॅटोचा मोठा बाजार आहे. २७ मार्च २०२० च्या केंद्राच्या आदेशाने शेतीची कामं आणि बाजार समित्या लॉकडाऊनमधून वगळल्या. २०२१ लाही शेतीला सूट होती. म्हणून शेतकऱ्याचं बरं चाललं असं कुणी समजू नये. शहरातली हॉटेलं बंद असताना माल जाणार कुठे? पण एकाला कागदावर परवानगी आणि दुसऱ्याला पूर्ण मनाई, आणि दोघांच्या नावापुढे आकडा एकच. तमाशा बंद ठेवणं चूक होतं असंही मी म्हणत नाही. मांडीला मांडी लावून बसलेल्या गर्दीत साथ पसरणारच. माझं म्हणणं त्या बंदीची किंमत मोजण्यापुरतं आहे.

उलट बाजूने, त्या मार्चमध्ये राज्यातल्या कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवले होते. आदेश कुणाचा नव्हता, म्हणून तो इंडेक्समध्ये नाही. ज्याला पुण्याहून येऊन वेशीवरून परत जावं लागलं त्याला विचारा, निर्बंध होता की नव्हता.

‘मग गुगलचा मोबिलिटी डेटा घेतो’ असं एकाने कळवलं. घ्या, पण त्याची तुलना ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांशी आहे. चैत्रातल्या यात्रेची गर्दी त्या आधाररेषेत कुठून येणार? आणि लोकेशन चालू असलेला स्मार्टफोन खिशात नसलेला माणूस त्यात मोजलाच जात नाही.

देशादेशांची तुलना करायची असेल तर इंडेक्स खुशाल वापरा. एका तालुक्यावर काम असेल तर नऊ निकष सुटे करा, त्यातला तुमच्या लोकांना लागणारा कोणता ते ठरवा, राज्याचे आणि जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश तारखेसह वाचा. आणि एक कॅलेंडर बनवा : यात्रा, तोडणी, शाळेच्या परीक्षा, लग्नसराई. त्यावर आदेशांच्या तारखा टाका. मी हे दोन वर्षं उशिरा केलं, आणि थिसिसचं दुसरं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. गाईडना अजून सांगितलेलं नाही.