वरातीपुढचे वाजंत्री

परराष्ट्र खात्याला भरपूर पैसा देणे हे राष्ट्राच्या संरक्षणाचेच काम आहे, असा एक युक्तिवाद अमेरिकेत जोराने मांडला जातो. मांडणाऱ्यांत सेनानीही असतात, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. २०१३ साली जनरल जेम्स मॅटिस यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की परराष्ट्र खात्याची तरतूद कापाल तर मला दारूगोळा जास्त विकत घ्यावा लागेल. पुढे चीनची धास्ती वाढली. लोवी संस्थेच्या २०२४ च्या मोजणीत चीनच्या जगभरातल्या वकिलाती व कचेऱ्या २७४ भरल्या, अमेरिकेच्या २७१. २०२५ साली तिथल्या सरकारने परदेशी मदत देणारी यूएसएड ही संस्थाच मोडीत काढली, तेव्हा हा युक्तिवाद पुन्हा वर आला : आपण मागे सरलो की ती जागा चीन घेईल.

आपल्याकडची प्राध्यापक मंडळी या युक्तिवादाला चटकन मान डोलावतात. बाँबपेक्षा वकिलात बरी, याबद्दल मलाही शंका नाही. शिवाय हा विचार आपल्याला परका नाही. मंत्रिपद सोडल्यानंतर १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात बाबासाहेबांनी सरळ हिशेबच मांडला होता. वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, कारण संकटात धावून येईल असा मित्र आपल्याला उरलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. परराष्ट्र धोरणातली चूक सैन्याच्या बिलात दिसते. ते बिल वाढले की कात्री कुठे लागते, हे वसतिगृहात राहून पदवीपर्यंत पोचलेल्या माझ्यासारख्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तरीही या युक्तिवादाला माझा आक्षेप आहे. मुत्सद्देगिरीवर खर्च जरूर व्हावा. पण तो 'संरक्षण' या नावाखाली मागितला, की प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारला जातो : प्रतिस्पर्ध्याविरुद्ध याचा उपयोग काय? मग देश आतून कसा आहे यापेक्षा तो बाहेरून कसा दिसतो याला किंमत येते. आणि ज्यांना त्या देशाने तुडवले, तीच माणसे दाखवायला सर्वांत सोयीची ठरतात. हे मी तर्काने म्हणत नाही. शीतयुद्धात अमेरिकेने रशियाशी जी चढाओढ केली, तीत हे घडून गेले आहे.

१९५६ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने डिझी गिलेस्पी यांचा जॅझ-ताफा सरकारी खर्चाने इराण, पाकिस्तान, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया अशा देशांत पाठवला. ताफ्यात काळे-गोरे शेजारी बसून वाजवत. त्यांच्याच देशाच्या दक्षिण भागात ही माणसे एका हॉटेलात एकत्र जेवू शकत नव्हती. खात्याचे अधिकारी गिलेस्पींना वंशभेदाविषयी काय बोलावे ते पढवणार होते. त्यांनी तो पाठ टाळला. आमच्यावर काय गुजरले ते मला ठाऊक आहे, असा त्यांचा सूर होता. आपल्याकडे गावात वरातीपुढे हलगी-सनई कोण वाजवत होते आणि जेवणाची पंगत त्यांना कुठे बसत होती, हे ज्याने पाहिले आहे त्याला या दौऱ्याचा अर्थ चटकन कळावा.

लुई आर्मस्ट्राँगची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ काळ्या मुलांना शाळेच्या दारात राज्याच्या सैनिकांनी अडवले. आर्मस्ट्राँग सरकारतर्फे रशियाला जायचे होते. दक्षिणेत माझ्या लोकांना असे वागवणारे सरकार खड्ड्यात जावो, असे ठणकावून त्यांनी जायचे नाकारले. जो माणूस गोऱ्यांपुढे फार हसतो म्हणून तरुण काळे त्याची टिंगल करीत, त्याचा हा नकार होता. पण १९६० च्या ऑक्टोबरात तेच आर्मस्ट्राँग परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर काँगोत वाजवत होते. लुमुंबा तेव्हा घरातच कैदेत होते. त्याच सुमारास त्यांना विष घालण्याचा बेत सीआयए करीत होती. तो १९७५ साली सिनेटच्या चौकशीत उघड झाला. १७ जानेवारी १९६१ ला लुमुंबांचा खून झाला. मी आर्मस्ट्राँग यांना दोष देत नाही. वाजवणाऱ्याला मांडवामागे काय शिजते ते सांगत नाहीत. पण दौऱ्याचा पैसा आणि कटाचा पैसा एकाच 'संरक्षणा'साठी खर्च होत होता, हे विसरून त्या दौऱ्यांचे कौतुक कसे करायचे?

जे दाखवण्याजोगे नव्हते त्यांचे पासपोर्ट गेले. पॉल रॉब्सन यांचा १९५० साली काढून घेतला, तो १९५८ पर्यंत मिळाला नाही. डु बॉईस यांचीही तीच गत. १९४७ साली त्यांनी काळ्यांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे नेली होती. रशियाने ती उचलून धरली, अमेरिकेने बाजूला सारली. याच्या आदल्या वर्षी बाबासाहेबांनी डु बॉईसना पत्र लिहून नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. पँथरपासून, म्हणजे १९७२ पासून, आपल्या समीक्षेने काळ्यांच्या साहित्याशी तुलना पुष्कळ केली. त्यांचा संताप आपण वाचला. त्यांचे अडवलेले पासपोर्ट मात्र वाचले नाहीत.

या चढाओढीतून काळ्यांना काहीच मिळाले नाही, असे म्हणणे खोटे होईल. डिसेंबर १९५२ मध्ये अमेरिकन सरकारनेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, की वंशभेद कम्युनिस्टांच्या प्रचाराला दाणापाणी पुरवतो. १७ मे १९५४ ला शाळांतला भेद घटनाबाह्य ठरला, आणि तासाभरात व्हॉइस ऑफ अमेरिकाने ती बातमी ३४ भाषांत जगाला ऐकवली. निकाल ऐकवण्याची ही घाई बघा. अंमलबजावणीला मात्र वर्षानुवर्षे लागली. डेरिक बेल या काळ्या कायदेपंडिताने १९८० साली मांडले, की गोऱ्यांचे हित जुळते तेवढ्यापुरताच काळ्यांना न्याय मिळतो. मला यात निराशा दिसत नाही. हित जुळलेले असेल तोवर दार ढकलून घ्यावे, एवढा व्यवहार आपल्यालाही कळतो. पण उघडलेल्या दाराला कोणी करुणा म्हणू लागला, तर त्याला दाराची तारीख विचारावी.

आता आपले परराष्ट्र खाते. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरचा अन्याय संयुक्त राष्ट्रांत नेणारा देश आपला. २००१ साली दरबान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. देशभरातले दलित कार्यकर्ते तिथे गेले. सरकारी शिष्टमंडळही गेले, आणि जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, ही भूमिका त्याने नेटाने लढवली. अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. मुत्सद्देगिरी यशस्वी झाली असे म्हणावे लागेल. कोणाविरुद्ध, ते मात्र सांगायला हवे. परराष्ट्र खात्याला जास्त पैसा द्या, असे आज दिल्लीत कोणी म्हटले तर मी विरोध करणार नाही. फक्त दरबानला कोणाचे हित राखले, एवढे विचारीन. ऑगस्ट २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने स्पष्ट केले, की करारातल्या 'वंशपरंपरा' या शब्दात जात येते. २००७ साली भारताच्या शिष्टमंडळाने समितीपुढे ते पुन्हा नाकारले. १९६५ च्या करारात हा शब्द घालण्याची सूचना भारताचीच होती.