चव्हाट्याची मालकी

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि सहामाही परीक्षेत लिहिलेला आपला निबंध परत मागू लागला. निबंध खरोखरच चांगला होता. मी तो वर्गात वाचूनही दाखविला होता. परंतु उत्तरपत्रिका एव्हाना रद्दीत गेल्या होत्या. "पण सर, निबंध माझा होता ना?" त्याने विचारले. निबंध त्याचा होता हे खरे. पण कागद शाळेचा होता. मला तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढे ट्विटर या समाजमाध्यमाची हकीकत वाचताना तोच प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला, आणि या वेळी तो कोट्यवधी माणसांचा होता.

फराळाच्या वेळी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण चकलीच्या ताटाशेजारी आज घरोघर मोबाईल ठेवलेला असतोच. तेव्हा विषय आपण काढला नाही तरी तो घरात आलेलाच आहे.

ट्विटरवर जी टीका होते ती बहुधा तिथल्या मजकुरावर होते. तिथे शिवीगाळ फार, अफवा फार, उथळपणा फार! ही टीका खोटी नाही. ती अपुरी आहे. नाटक पडले तर आपण केवळ नटांना बोल लावीत नाही. दिवे कोणी विझविले, पडदा कोणी पाडला, हेही पाहतो. या माध्यमाची समीक्षा करायची तर त्याच्या धन्याकडे आणि कारभाराकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

२००६ साली अमेरिकेत ट्विटर सुरू झाले. मोबाईलचा संदेश तेव्हा १६० अक्षरांचा असे. त्यांतली २० नावासाठी राखून १४० लेखकाच्या वाट्याला आली. आपल्या जुन्या तारेसारखाच हा प्रकार : शब्द मोजून लिहायचे. या कुंपणात लोकांनी नवी भाषा रचली. एका विषयाचे लेखन एकत्र सापडावे म्हणून शब्दामागे चौकटीची खूण लावण्याची कल्पना क्रिस मेसिना या वापरकर्त्याने २००७ मध्ये मांडली. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या नावानिशी पुढे पाठविण्याची चालही लोकांनीच पाडली. कंपनीने तिच्यासाठी बटण दिले ते २००९ मध्ये. म्हणजे या भाषेचे व्याकरण रयतेने लिहिले. दप्तरात मात्र तिची मालक म्हणून नोंद झाली नाही.

ही गोष्ट २०२२ मध्ये उघडी पडली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इलॉन मस्क यांनी सुमारे ४४ अब्ज डॉलरना कंपनी घेण्याचा करार केला. ट्विटर हा नव्या युगाचा चव्हाटा आहे, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार होते. पुढे ते मागे हटू लागले, तेव्हा कंपनीने जुलैमध्ये डेलावेअरच्या न्यायालयात त्यांच्यावर दावा लावला. दावा कशाचा? ठरलेल्या भावाने कंपनी घ्याच, याचा! संचालकांचे भागधारकांशी कर्तव्य होते आणि भाव चांगला होता. त्यांचे वागणे कायद्याला धरूनच होते. पण ज्यांच्या बोलण्याने तो चव्हाटा गजबजला होता, ते या दाव्यात ना वादी होते, ना प्रतिवादी.

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी मालकी बदलली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले मुख्याधिकारी पराग अग्रवाल यांना त्याच दिवशी जावे लागले. आठवडाभरात साडेसात हजारांपैकी निम्म्या नोकरांना निरोप मिळाला. खरेदीसाठी काढलेल्या कर्जापैकी सुमारे १३ अब्ज डॉलरचा बोजा खुद्द ट्विटरवरच पडला. घर विकत घ्यावे आणि कर्जाचे हप्ते भाडेकरूंच्या माथी यावेत, तसा हा प्रकार. पैशाची निकड भासली ती त्यातून.

मग निळी खूण विकायला निघाली. हा माणूस तोच आहे, याची ग्वाही म्हणून ती पूर्वी देत असत. तीत मानापमानाचा भाग होता आणि वशिल्याचा संशयही होता. तरी ती ग्वाही होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती महिना ८ डॉलरला मिळू लागली. लगेच कोणी तरी एलाय लिली या औषधकंपनीचे सोंग घेतले, ८ डॉलरची खूण लावली आणि इन्सुलिन आता फुकट मिळेल, असे जाहीर केले. खऱ्या कंपनीला क्षमा मागावी लागली. जगण्यासाठी इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या माणसाने ती ओळ वाचली असेल, त्याच्या मनाचे काय झाले असेल? शाळेच्या शिक्क्याचे दाखले बाजारात मिळू लागले तर नुकसान शिक्क्याचे होत नाही; खरे शिकलेल्या मुलाचे होते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला. ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांचे पत्ते ट्विटरवर येत होते, आणि स्वयंसेवकांचे प्रोग्राम ते गोळा करीत होते. नेमकी त्याच आठवड्यात ही माहिती घेण्याची मोफत सोय बंद व्हायची होती. ओरड झाली आणि मुदत पुढे गेली. आपल्याला हे परके वाटू नये. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायू आणि खाट मिळविण्यासाठी याच चव्हाट्यावर आपल्या लोकांनीही हाका घातल्या होत्या. हाक ऐकू जावी की नाही, हे ठरविण्याची कळ एकाच्या हाती असणे म्हणजे काय, ते अशा वेळी कळते.

कोणी म्हणेल, पटत नसेल त्याने निघून जावे. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर १८८७ मध्ये तेथून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. मतभेदाचा तो मानी मार्ग होता. पण ट्विटरवरून निघालेला माणूस आपले वाचक बरोबर नेऊ शकत नाही. १८ डिसेंबर २०२२ रोजी तर मॅस्टोडॉनसारख्या इतर माध्यमांवरील आपला पत्ता तेथे देण्याचीच बंदी झाली. ती दिवसाभरात मागे घ्यावी लागली. परंतु अशी बंदी घालता येते, हे दिसले ते दिसलेच.

येथे न्याय करायला हवा. जुने कारभारी काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. कोणाला बोलू द्यावे हे तेही बंद दाराआडच ठरवीत. संशयास्पद मजकुराखाली वाचकांनीच खुलासा जोडण्याची सोय जुन्यांनी आरंभली आणि मस्क यांनी ती जगभर नेली. ही सुधारणाच आहे. म्हणून मी हा एका माणसाच्या लहरीचा दोष मानीत नाही. लहर कोणालाही असते. तिला अडविणारी चौकट नसणे हा दोष आहे.

ती चौकट अशक्य नाही. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये या कंपनीला १२ कोटी युरोंचा दंड केला. फसवी ठरणारी निळी खूण हे त्यातील एक कारण. ट्विटरचे नाव २०२३ मध्येच पुसून 'एक्स' झाले होते. पाटी बदलली, तरी कायद्याला दार सापडले. आता वापरकर्त्याला आपले लेखन आणि आपला गोतावळा दुसरीकडे नेण्याचा हक्क मिळाला, तर पुढची पायरी गाठली असे म्हणता येईल.

त्या विद्यार्थ्याचा निबंध मी परत देऊ शकलो नाही. त्यानंतर मात्र चांगला निबंध आढळला की उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधण्यापूर्वी मुलाला बोलावतो आणि म्हणतो, "आधी हा तुझ्या वहीत उतरवून घे." वाचकहो, तुमच्या मोबाईलवर आजीचे शब्द असतील, लेकीच्या बाळाची छायाचित्रे असतील. दिवाळीच्या या निवांत दिवसांत तेही आपल्या वहीत उतरवून घ्या.