पाकीट फोडा, झाकण लावा

पाककृतीचीही समीक्षा करता येते, असं मला वाटतं. प्रत्येक पाककृती एक वाचक गृहीत धरते. त्याच्याकडे वेळ किती, भांडी किती, संध्याकाळी जेवायला कोण बसणार, हे सगळं त्यात न लिहिता लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या ‘मिसिसिपी रोस्ट’च्या दोन कृती शेजारी ठेवून वाचल्या, की हे लख्ख दिसतं.

पहिली रॉबिन चॅपमन यांची. मिसिसिपी राज्यातल्या रिप्ली या छोट्या गावच्या या बाईंनी नात्यातली एक जुनी कृती घरच्यांना झेपेल इतकी सौम्य केली. बीफचा खांद्याकडचा मोठा तुकडा स्लो कुकरमध्ये ठेवायचा. त्यावर रँच ड्रेसिंगच्या पावडरचं एक पाकीट, ग्रेव्हीचं एक पाकीट, बटरची अख्खी कांडी (म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम!) आणि बरणीतल्या आंबट पेपरोंचिनी मिरच्या. पाणी नाही. झाकण लावून ८ तास मंद आचेवर. ही कृती चर्चच्या पाककृती-पुस्तकातून ब्लॉगवर गेली आणि तिथून देशभर पसरली. वाटेत तिला राज्याचं नाव चिकटलं, बाईंचं मात्र गळून पडलं.

दुसरी कृती २०१६ची, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधली, सॅम सिफ्टन यांची. चॅपमन यांचा माग काढून त्यांनी श्रेय त्यांना दिलं, हे मोलाचं काम. पण कृतीतली पाकिटं त्यांनी काढून टाकली. मांसाला मीठ-मिरपूड-मैदा चोळा, तेलात सगळ्या बाजूंनी खरपूस करा, मग कुकरमध्ये टाका. रँचसाठी मेयोनीज, व्हिनेगर, सुका शेपू, पॅप्रिका फेटा. चव सुधारते, यात वाद नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. सकाळी ७ला कामावर निघणारी बाई या कृतीतून अलगद बाहेर पडते. तिच्या वाट्याला तापलेली कढई, उडालेलं तेल आणि घासायचं एक जादा भांडं येतं.

शिवाय पाकीट हा निव्वळ आळस नाही. स्लो कुकरचं तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या पुढे जात नाही, त्यामुळे त्यात मांस खरपूस होतच नाही. खांद्यातल्या चिवट ऊतींमधलं कोलॅजन तासन् तास विरघळून जिलेटिन बनतं. मऊपणा तिथून येतो, भाजल्याची खमंग चव येत नाही. ती उणीव पाकिटातलं मीठ, कांदा-लसणाची पूड आणि मोनोसोडियम ग्लुटामेट भरून काढतात. चॅपमन यांची कृती आतून पक्की जुळलेली आहे. आपल्याकडेही ‘मसाला विकतचा का?’ असं विचारताना भुवई वर जातेच. वाटण कोण वाटणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

या भांड्याचा जन्मही गंमतशीर आहे. अर्विंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४०मध्ये मिळालं. ज्यूंमध्ये शब्बाथला चूल पेटवत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी ‘चोलंट’चं भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवून देत, लिथुआनियातली ती आठवण त्यांनी आईकडून ऐकली होती. १९७१मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते बाजारात आलं आणि नोकरदार बायकांच्या घरांत पोचलं. दोन्हीकडे मुद्दा एकच: चुलीपाशी कुणी उभं नसताना अन्न शिजणं.

मूळ कृती निर्दोष आहे असं नाही. दोन पाकिटांचं मीठ आणि वर बटर, हे फार होतं. खांद्याच्या मांसात स्वतःची चरबी भरपूर असते. सिफ्टन बटर निम्म्यावर आणतात, तिथे मी त्यांच्या बाजूने आहे, तेही बिनमिठाचं. मिरच्यांना मात्र हात लावू नये. तुपकट रस्शाला छेद देणारा आंबटपणा त्यांच्यातूनच येतो. बरणीतलं दोन चमचे पाणीही ओतावं. बटाटे वेगळे उकडून कुस्करावेत, रस्सा त्यांच्यावर घ्यायचा. उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी पावात भरून डब्याला.