‘संशोधनाने सिद्ध’ फोनिक्स : पण कोणत्या भाषेत सिद्ध?



बिबवेवाडीत राहणाऱ्याला फोनिक्स हा शब्द नवा नाही. अप्परपासून गंगाधामपर्यंत फिरलात तर कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या गेटवर फोनिक्स क्लासचा बोर्ड दिसतोच, आणि बऱ्याचदा त्यावर ‘संशोधनाने सिद्ध पद्धत’ असंही लिहिलेलं असतं. बोर्डाशी माझं भांडण नाही. जाहिरात ही जाहिरातच असते. पण हेच वाक्य आता पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये आणि एम.एड.च्या लघुप्रबंधातही जसंच्या तसं येऊ लागलं आहे. विषय असतो ‘इयत्ता पहिलीच्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांवर फोनिक्स पद्धतीची परिणामकारकता’ आणि संबंधित साहित्याच्या आढाव्यातलं पहिलं वाक्य असतं, ‘फोनिक्स परिणामकारक असल्याचे संशोधनाने सिद्ध झाले आहे.’

आजची टीका या एका वाक्यावर आहे. पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्यांनी जरा सावकाश वाचा. व्हायव्हाला कुणीतरी हमखास विचारतं : सिद्ध झालंय म्हणजे कुठे, कुणावर, आणि कशाच्या तुलनेत?

मूळ पुरावा काय म्हणतो?

बहुतेकांचा संदर्भ शेवटी एकाच ठिकाणी जाऊन पोचतो : अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलचा २००० सालचा अहवाल. त्यातल्या फोनिक्सच्या भागाचं विश्लेषण लिनिया एहरी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये स्वतंत्र शोधनिबंध म्हणूनही छापलं. त्यात ३८ अभ्यास आणि ६६ तुलना होत्या. पद्धतशीर फोनिक्सचा सरासरी परिणाम निघाला ०.४१. हा ‘इफेक्ट साइज’ आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर फोनिक्स गटातलं सरासरी मूल तुलना गटातल्या १०० पैकी साधारण ६६ मुलांच्या पुढे असेल. चांगला परिणाम आहे, जादू नाही. शिवाय तो सगळीकडे सारखा नाही. बालवाडी आणि पहिलीत तो ०.५५ च्या आसपास आहे, दुसरी ते सहावीत ०.२७.

पुढची गोष्ट सिनॉप्सिसमध्ये सहसा येत नाही. २००३ मध्ये कॅमिली आणि सहकाऱ्यांनी हेच अभ्यास पुन्हा तपासले. तुलना गटांतही थोडंफार फोनिक्स शिकवलं जात होतंच, हे त्यांनी हिशोबात धरलं. तेव्हा आकडा ०.२४ वर आला. २०२० मध्ये जेफ्री बॉवर्स यांनी लिहिलं की पुरावा सांगितला जातो तेवढा भक्कम नाही. त्यावर दुसऱ्या बाजूने उत्तरंही आली. म्हणजे इंग्रजीतसुद्धा वाद मिटलेला नाही. ‘सिद्ध’ हा शब्द तिथेच डळमळतो. ‘बऱ्यापैकी आधार आहे’ असं म्हणा, चालेल.

इंग्रजीचं दुखणं इंग्रजीचंच

सेमूर, आरो आणि एर्सकिन यांनी २००३ मध्ये युरोपातल्या १३ लिप्या-लेखनपद्धतींमधली पहिलीच्या पातळीवरची मुलं तपासली. ओळखीचे शब्द वाचताना जर्मन, ग्रीक, फिनिश मुलं ९८ टक्क्यांच्या आसपास बरोबर होती. स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुलं होती ३४ टक्क्यांवर. मुलं तितकीच हुशार, लेखनपद्धती वेगळी. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि उच्चार दुसरा. ‘सी’ म्हणायचं आणि ‘क’ वाचायचं, कधी ‘स’ वाचायचं. नावापासून ध्वनी सोडवून घेणं हे फोनिक्सचं निम्मं काम.

आता मराठीकडे या. ‘क’ या अक्षराचं नाव काय? क. उच्चार काय? क. नाव आणि ध्वनी वेगळे करण्याचं काम इथे उरतच नाही. म्हणजे ज्या आजारावर ते औषध काढलं, त्यातला मोठा भाग आपल्याकडे नाहीच. याचा अर्थ मराठी वाचणं सोपं असा मात्र लावू नका. आपली दुखणी आहेत, फक्त वेगळी आहेत.

मराठीची दुखणी

पहिलं : संख्या. ३४ व्यंजनं आणि बाराखडीचे १२ प्रकार यांचा ढोबळ गुणाकार केला तरी ४०८ आकृत्या होतात. जोडाक्षरं वेगळीच. पण नियम कळला तर मुलाला शिकायच्या गोष्टी ३४ अधिक १२, म्हणजे ४६ च. माझ्या मते मराठीतल्या सुरुवातीच्या वाचनाचा सगळा प्रश्न इथे आहे : वर्गात मूल ४६ गोष्टी शिकतंय की ४०८? ‘क ला काना का, क ला वेलांटी कि’ असं तालात म्हणणाऱ्या मुलाला मध्येच ‘मु’ दाखवा. तो ‘म, मा, मि, मी’ असं पहिल्यापासून म्हणत तिथवर आला, तर त्याला बाराखडी पाठ आहे, नियम कळलेला नाही.

दुसरं : क्रम. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, उच्चारताना नंतर. डावीकडून उजवीकडे ध्वनी जुळवत जा, हा इंग्रजी फोनिक्सचा मंत्र इथे अडखळतो. ‘सूर्य’मधला रफार तर ज्याच्या आधी उच्चारायचा त्याच्या डोक्यावर नंतर जाऊन बसतो.

तिसरं : ‘जसं लिहितो तसं वाचतो’ हा आपला आवडता समज. ‘घर’ लिहिताना र पूर्ण, बोलताना शेवटचा अ गायब. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचं भांडं, लिहायला एकच. अनुस्वार ‘अंगण’मध्ये एक, ‘आंबा’मध्ये दुसरा, ‘सिंह’मध्ये तिसराच. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. तो फरक बऱ्याच जणांच्या बोलण्यात ऐकूच येत नाही, आणि शुद्धलेखनात मात्र मार्क जातात.

म्हणून ‘मराठी फोनिक्स’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या केल्याशिवाय परिणामकारकता मोजता येत नाही. मी वाचलेल्या सिनॉप्सिसमध्ये ही व्याख्या बहुधा एका ओळीत उरकलेली असते : ‘अक्षर-ध्वनी संबंधावर आधारित अध्यापन.’ अहो, पण पारंपरिक पद्धतीतही अक्षर दाखवून ध्वनीच तर सांगतात! मग प्रायोगिक गट आणि नियंत्रित गट यांत फरक काय राहिला?

मराठीतला पुरावा आहे का?

आहे. आणि तो वाचला जात नाही, ही माझी खरी तक्रार. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांचा ‘लिरिल’ प्रकल्प मराठी आणि कन्नड या दोन भाषांत झाला. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर जिल्हा या दोन ठिकाणी तीन वर्षं मुलांचा मागोवा घेतला गेला आणि अहवाल २०१७ मध्ये आला. मुलांच्या चाचण्या, वर्गनिरीक्षण, शिक्षकांच्या मुलाखती आणि पाठ्यपुस्तकांचं विश्लेषण असं सगळं एकत्र पाहिलेलं आहे. मूळाक्षरं ओळखणाऱ्या मुलांनाही मात्रा लागल्यावर अडचण येते, तिसरीच्या शेवटीही बरीच मुलं अर्थासह वाचण्यापर्यंत पोचत नाहीत, आणि ‘लेखन’ म्हणजे मुख्यतः फळ्यावरचं उतरवून काढणं, हे त्यातून पुढे येतं. उपाय म्हणून लिपीचं थेट, नीट आखलेलं शिक्षण आणि त्याच्या जोडीला गोष्टी वाचून दाखवणं, बोलणं, स्वतःच्या मनातलं लिहिणं, असा समतोल सुचवलेला आहे.

अहवाल महत्त्वाचा आहे, म्हणूनच त्याच्यावरही टीका केली पाहिजे. तीन मुद्दे मांडतो.

एक, हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, प्रयोग नाही. अडचण कुठे आहे ते तो नेमकं दाखवतो. पण समतोल पद्धत अमुक इतकी जास्त चालते, असं त्याच्यातून सिद्ध होत नाही. ती शिफारस व्यापक सिद्धांत आणि वर्गातल्या अनुभवावर उभी आहे. शिफारस मला पटते. पण पटणं आणि पुरावा असणं या दोन गोष्टी आहेत.

दोन, वाड्यातल्या अनेक आदिवासी मुलांची घरची बोली पुस्तकातल्या प्रमाण मराठीपेक्षा वेगळी. मग मूल अडतं ते लिपीत की भाषेत? दोन्ही गुंतलेलं आहे आणि सुटं करणं कठीण आहे.

तीन, यावरून बिबवेवाडीबद्दल काय म्हणता येईल? जपूनच. इथे एकाच इमारतीत घरी मराठी, मारवाडी, गुजराती, कन्नड बोलणारी मुलं भेटतात आणि त्यातली बरीच इंग्रजी माध्यमात जातात. म्हणजे परकी भाषा हा प्रश्न इथेही आहे, फक्त त्याचं रूप निराळं.

जोडीला सोनाली नाग यांचा कन्नडवरचा २००७ चा शोधनिबंध वाचा. कन्नड लिपीही आपल्यासारखीच अक्षरप्रधान. तिथे दिसलं की अक्षरज्ञान पूर्ण व्हायला चौथीपर्यंतची वर्षंही पुरत नाहीत, आणि सुट्या ध्वनींची जाण इंग्रजी वाचणाऱ्या मुलांपेक्षा सावकाश येते. पहिलीच्या मराठी मुलाकडून ‘क् + आ + म् सुटं करून सांग’ अशी अपेक्षा करणाऱ्या चाचण्या इंग्रजीवरून भाषांतरित केल्या जातात. ‘का-म’ असं तोडणारं मूल तिथे नापास ठरतं. खरं तर ते आपल्या लिपीच्या हिशोबाने अगदी बरोबर तोडत असतं.

मोजपट्टी कुणाची?

‘असर’चे आकडे सगळे देतात. २०१८ मध्ये देशात तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. आकडे खरे आहेत आणि गंभीर आहेत. पण ‘असर’ हे ग्रामीण सर्वेक्षण आहे. पुणे महापालिकेच्या शाळेवरच्या प्रबंधात ‘आमच्या परिसरातील स्थिती’ म्हणून ते चिकटवता येत नाही.

दुसरी मोजपट्टी वेगाची. ‘निपुण भारत’ २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द असं लक्ष्य आहे. आता ‘शाळेसमोरच्या झाडावरून’ हे बघा. मराठीत दोन शब्द. हेच इंग्रजीत सांगायला आठ शब्द लागतील. शब्द मोजून दोन भाषांची तुलना केली तर मराठी मूल उगाच मंद दिसणार. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत अभ्यासात भाषावार मापदंड ठरवले गेले, ते योग्यच झालं. तुमच्या साधनात वेग मोजणार असाल तर शब्दांऐवजी अक्षरं मोजण्याचा विचार करा.

मग फोनिक्स टाकाऊ का?

नाही. लिपीचा नियम मुलाला आपोआप सापडेल म्हणून वाट बघत बसणं, हे फोनिक्सच्या अतिरेकापेक्षा वाईट. ज्या घरात पुस्तकं आहेत तिथलं मूल कसंतरी तरून जातं, बाकीच्यांचं काय? नियम उघड करून सांगितलाच पाहिजे. मराठीत त्याचं रूप म्हणजे क, म, र, ल अशी मोजकी अक्षरं, सोबत लगेच काना, आणि त्यातून पहिल्याच आठवड्यात ‘काम, मला, कमाल, माकर’. यातला ‘माकर’ मुद्दाम घातलाय. निरर्थक शब्द वाचता आला, म्हणजे पाठांतर नाही, नियम कळला.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठीही फोनिक्सचा उपयोग आहे. पण गॉफ आणि टनमर यांचं १९८६ चं सूत्र विसरू नका : वाचन म्हणजे उकल गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. बिबवेवाडीतलं मूल इंग्रजी शब्द खणखणीत वाचतं आणि अर्थ विचारला की आईकडे बघतं, तेव्हा गुणाकारातली दुसरी संख्या शून्याजवळ आहे. तिथे आणखी तीन महिन्यांची फी भरून काय वाढणार?

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

१. ‘मराठी फोनिक्स’ची व्याख्या पाठ-आराखड्यासह द्या, आणि नियंत्रित गटात रोज काय चालणार तेही लिहा.

२. ३० विरुद्ध ३० मुलं आणि टी-चाचणी, हा आपला ठरलेला साचा. ८० टक्के पॉवर हवी असेल तर ०.४१ चा परिणाम पकडायला प्रत्येक गटात साधारण ९५ मुलं लागतात, ०.२४ साठी २७० च्या वर. ३० मुलांत फार मोठा फरक मिळाला तर आनंदाआधी संशय येऊ द्या.

३. एका शाळेतला एक वर्ग प्रायोगिक आणि दुसरा नियंत्रित असेल, तर तुम्ही पद्धतीबरोबर दोन बाईंचीही तुलना करताय. अशा वेळी कार्यकारणाचा दावा करू नका.

४. शिकवलेल्या शब्दांवरच उत्तर चाचणी घेऊ नका. न शिकवलेले शब्द, निरर्थक शब्द आणि आकलन, तिन्ही ठेवा. चार-सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

५. घरची भाषा नोंदवा. फॉर्मवर एक रकाना वाढेल, पण प्रबंधाचा अर्थ बदलेल.

मोठा नमुना जमत नसेल तर छोटा, खोल अभ्यास करा. एका महापालिका शाळेतली बारा मुलं वर्षभर बघा, आणि मात्रा लागल्यावर कोण कुठे अडतं त्याची चुकांसकट नोंद ठेवा. असा मराठी पुरावा फार कमी आहे, आणि ‘परिणामकारकता’वाल्या आणखी एका प्रबंधापेक्षा तो पहिलीच्या बाईंना जास्त उपयोगी पडेल. त्यांच्या वर्गात आजही एखादं मूल ‘ढ’ ठरतंय, आणि त्याला नेमकं काय येत नाही हे कुणी पाहिलेलं नाही.

प्रश्न असतील तर खाली लिहा. पुढच्या भागात मात्रा-चुकांचं वर्गीकरण कसं करायचं ते बघू.